पागा आणि मोटारखाना



१ एप्रिल २०२३ रोजी सकाळी आपल्या देशातील कित्येक सरकारी कचेऱ्यांच्या आवारांत अशा गाड्या उभ्या होत्या, की ज्या आदल्या संध्याकाळपर्यंत कामावर असूनही आता कायद्याच्या दृष्टीने रस्त्यावर येण्यास अपात्र झाल्या होत्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्या वर्षीच्या जानेवारीत झालेल्या दुरुस्तीने असे ठरविले होते, की केंद्र व राज्य सरकारे, महानगरपालिका, नगरपालिका, पंचायती, राज्य परिवहन संस्था आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या मालकीच्या वाहनाची नोंदणी मूळ तारखेपासून १५ वर्षे पूर्ण होताच संपुष्टात यावी, तिचे नूतनीकरण होऊ नये, आणि ते वाहन रीतसर नोंदलेल्या मोडणी-केंद्रातच जावे. अपवाद केला तो फक्त संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठी वापरल्या जाणाऱ्या चिलखती व तत्सम खास वाहनांचा. केंद्रीय परिवहनमंत्री नितीन गडकरी यांनी त्या सुमारास अशा गाड्यांची संख्या नऊ लाखांच्या वर सांगितली होती.

त्या गाड्या गेल्या हे बरे झाले की वाईट, एवढ्यापुरताच माझा विषय नाही. शहराची गाडी केव्हा बदलावी आणि बदललेली जुनी गाडी कोणाच्या वाट्यास द्यावी, या दोन साध्या दिसणाऱ्या प्रश्नांच्या उत्तरांत ते शहर कोणत्या कामाला मान देते आणि कोणत्या माणसाला ताटकळत ठेवते हे उघड होते, असे माझे मत झाले आहे. आणि ज्यांच्या स्मरणार्थ आज आपण येथे जमलो आहोत त्यांची उभी हयात मोटारखान्यात, ग्रीसने काळवंडलेल्या हातांनी, दुसऱ्यांनी बसायच्या गाड्या चालत्या ठेवण्यात गेली असल्यामुळे, हे मत त्यांच्या स्मृतीपुढे ठेवणे मला उचित वाटते.

मोटारखाना हा शब्द आता मागे पडत चालला आहे, पण त्याच्या आधी आपल्याकडे जी संस्था होती तिचे नाव पागा. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत शिवछत्रपतींच्या घोडदळाची जी घडी सांगितली आहे, तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आहे, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आहे, आणि त्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद आहे. बारगीर म्हणजे ज्याच्या बुडाखालचा घोडा सरकारचा, आणि शिलेदार म्हणजे जो घोडा स्वतःचा घेऊन चाकरीस येई. पावसाळ्यात लष्कर छावणीस परतले की दाणा, वैरण आणि औषधे आधीच सज्ज असत, आणि दसऱ्यास पुन्हा निघताना लहानथोर प्रत्येकाच्या चीजवस्तूची यादी होई. इतिहासाच्या अभ्यासकांनी या व्यवस्थेतील शिस्तीचे पुष्कळ कौतुक केले आहे. माझे लक्ष मात्र नेहमी त्या नालबंदावर जाऊन थांबते. पंचवीस घोडी सरकारने बाळगायची तर पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा त्यांच्याबरोबरच हजेरीपटावर आला पाहिजे, ही जाणीव ज्या मुलखाच्या कारभारात एके काळी होती, त्याच मुलखातल्या कित्येक नगरसंस्थांत आज पंचवीस टिपरांच्या खरेदीचा ठराव एका बैठकीत मंजूर होतो आणि त्यांच्यासाठी एका मिस्त्रीची जागा भरण्याचा प्रस्ताव दप्तरात पडून राहतो, हे मला मनापासून बोचते.

मी स्वतः काही वर्षे एका नगरसंस्थेच्या हिशेबतपासणीच्या कामावर होतो. त्या निमित्ताने एका जीपगाडीची, तांबड्या कापडी पाठीची, सुतळीने एकत्र बांधलेली चार लॉगबुके माझ्या टेबलावर आली, आणि एरवी जी बेरीज तपासून मी बाजूला सारली असती, ती लॉगबुके मी संध्याकाळी उशिरापर्यंत वाचीत बसलो. पहिल्या वहीतले अक्षर सुवाच्य, शाई निळी, आणि नोंदी 'बंगला ते कचेरी, कचेरी ते जिल्हाधिकारी कार्यालय' अशा. दुसऱ्या वहीत गाडी अभियंत्याकडे आली आहे. खडी, डांबर, मोजणी असे शब्द दिसू लागतात आणि डिझेलचा आकडा वाढतो. तिसरी वही पाणीपुरवठ्याची: मागच्या बाजूला पाइपांचे तुकडे आणि व्हॉल्व्ह उघडण्याची लांब किल्ली घेऊन गाडी पहाटे चारला निघते आहे, आणि या वहीच्या मध्यापासून किलोमीटरच्या रकान्यात रोज एकच आकडा लिहिलेला आहे, कारण मीटरची केबल तुटली होती आणि ती बदलण्याचा अर्ज कोणाच्या तरी सहीसाठी सव्वा वर्ष थांबला होता. चौथी वही हिवताप विभागाची. गाडीवर धूरफवारणीचे यंत्र चढविलेले आहे, आणि शेऱ्याच्या रकान्यात वारंवार येते, 'स्टार्टर नादुरुस्त. ढकलून चालू.' मी तिच्या चालकाला बोलावून विचारले, की इतक्या जुन्या गाडीला इतके जड काम का दिले? त्यांनी हातातली टोपी टेबलाच्या कडेला ठेवली आणि उलट मलाच विचारले, "साहेब, गाडी म्हातारी झाली म्हणून काम म्हातारं होतंय काय?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. पुढे विचार करता करता एवढे ध्यानात आले, की आपल्या नगरसंस्थांत वाहनांची एक उतरंड रचलेली असते, आणि ती कामाच्या गरजेवर न रचता माणसाच्या हुद्द्यावर रचलेली असते. ज्या गाडीत एक मनुष्य बसतो, जी डांबरी रस्त्यावरून दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर जाते आणि जी एखादा दिवस बंद पडली तर एका बैठकीला दहा मिनिटे उशीर होण्यापलीकडे काही बिघडत नाही, ती गाडी कोरी. आणि जिच्यावर साऱ्या गल्लीचे पाणी, कचरा किंवा प्रेत अवलंबून आहे, ती गाडी तीन खात्यांनी वापरून सोडलेली. अधिकाऱ्याला गाडी असू नये असे मी म्हणत नाही, आणि गाडी एका कामावरून काढून दुसऱ्या कामावर देणे हेही मुळात गैर नाही. टँकरची टाकी गळू लागली तर तोच सांगाडा बागेतल्या झाडोऱ्याच्या फांद्या वाहण्यास उत्तम चालतो. चांगल्या स्थितीतला जुना टिपर राखीव म्हणून ठेवला तर सणासुदीला तो सोन्यासारखा उपयोगी पडतो. फेरवाटप हे कौशल्याचे काम आहे. पण ते कौशल्य गाडीचे अंग पाहून वापरावयाचे असते, आणि आपण ते वापरतो खुर्चीची उंची पाहून.

आता गाडीचे अंग पाहणे म्हणजे काय, हे जरा जवळून सांगितले पाहिजे, कारण सारा घोटाळा तेथेच आहे. केंद्र सरकारच्या खात्यांसाठी असलेल्या नियमांत जड मालवाहू वाहनाचे किमान आयुष्य १० वर्षे आणि ४ लाख किलोमीटर, तर लहान मोटारगाडीचे साडेसहा वर्षे आणि दीड लाख किलोमीटर असे धरलेले आहे, आणि दोन्हींपैकी जी मर्यादा नंतर येईल ती मोजावयाची असते. प्रवास करणाऱ्या गाडीला हे माप ठीक आहे; कचऱ्याच्या गाडीला ते लावले की मात्र खोटे ठरते. आपल्या बेळगावातल्या अनगोळच्या किंवा वडगावच्या गल्लीत सकाळी घंटा वाजवीत शिरलेला टिपर दहा-बारा घरांमागे एकदा थांबतो, पुन्हा पहिला गिअर, पुन्हा क्लच, पुन्हा ब्रेक, आणि असे दोन तास केल्यावर त्याच्या मीटरवर जेमतेम चार-पाच किलोमीटर चढलेले असतात. इंजिन मात्र दोन तास अखंड चालू असते. ओल्या कचऱ्यातून पाझरणारे आंबूस काळे पाणी हौद्याच्या कोपऱ्यात साचते, तेथून ते पत्र्याच्या सांध्यात उतरते, आणि बेळगावच्या चार महिन्यांच्या पावसाने त्यात भर घातली की तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्या कोपऱ्यावर अंगठा दाबला असता गंजाचा पापुद्रा हातात येतो. वरून रंग शाबूत, मीटरवरचा आकडा लहान, आणि कागदावर गाडी तरुण. खोदाईच्या यंत्राचे वय जसे तासांत मोजतात, तसे या गाड्यांचे वय इंजिन चाललेल्या तासांत आणि हौद्याच्या पत्र्याच्या जाडीत मोजले पाहिजे. उलट, विजेच्या खांबांसाठी शिडी बसविलेली गाडी वर्षातून थोडेच दिवस बाहेर पडते. नीट राखली तर पंधराव्या वर्षीही तिचे हाड मजबूत असते, आणि तरी नियम तिलाही टिपराच्याच रांगेत उभी करतो.

नियम असा बोथट आहे हे मान्य करूनही मी त्याचे स्वागतच करतो. या नियमापूर्वी उतरंडीला तळ नव्हता. गाडी अधिकाऱ्याकडून उतरत उतरत अठराव्या, विसाव्या वर्षी स्वच्छतेच्या कामगारांपर्यंत पोहोचे, आणि तेथून लिलावात गेली तरी नवा रंग चढवून खानापूर-चंदगडच्या वाटांवर वडाप, म्हणजे खासगी प्रवासी वाहतूक, करण्यास मोकळी असे. नियमाने उतरंडीचे सर्वांत खालचे मडके काढून घेतले आहे. परंतु त्या मडक्याच्या जागी दुसरे ठेवण्यासाठी पैसा लागतो, आणि तो कोठून यावा याचे उत्तर नियमात नाही.

आपल्या सीमाभागाला वाहनांच्या फेरवाटपाचा एक असाही अनुभव आहे, जो फार थोड्या प्रदेशांना आला असेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा, आणि त्याच्याबरोबर धारवाड, विजापूर व कारवार, मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. आणि १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर ज्या सरकारी बससेवेची पहिली गाडी धावली होती, तिचा या जिल्ह्यांतील संसार, आगारांसह, गाड्यांसह आणि त्या गाड्या चालविणाऱ्या माणसांसह, पुढे दुसऱ्या राज्याच्या परिवहन-व्यवस्थेत मिसळून गेला. त्या घटनेने माणसांच्या मनावर जे झाले त्याचा निवाडा मागण्यासाठी महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि येथला मराठी माणूस त्याकडे डोळे लावून आहे. त्याविषयी अधिक बोलण्याचे हे स्थान नव्हे. मी एवढेच दाखवू इच्छितो, की त्या सीमारेषेने गाड्यांचे धनीही निराळे करून टाकले. कोल्हापुरात आग विझविणारा बंब महानगरपालिकेचा आणि शहरात फिरणारी बसही महानगरपालिकेच्या परिवहन उपक्रमाची. बेळगावात बंब राज्य सरकारच्या खात्याचा, आणि शहर बस हुबळीत मुख्यालय असलेल्या वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन संस्थेची. ज्या तांबड्या गाडीकडे पाहून रस्त्यावरचे मूल हात हलविते आणि ज्या बसच्या वेळांवर साऱ्या शहराचे लक्ष असते, त्या दोन्ही येथील महापालिकेच्या पागेत नाहीत. १८५१ साली ज्या नगरपालिकेची स्थापना झाली, जी पुढे १९७६ च्या कर्नाटक महानगरपालिका अधिनियमाखाली महापालिका म्हणून चालू लागली आणि आज ५८ प्रभागांचा भार वाहते, तिच्या पागेत उरतात मुख्यतः कचऱ्याच्या, गटारांच्या, दिव्यांच्या, पाण्याच्या आणि अंत्ययात्रेच्या गाड्या. या गाड्यांना सामान्यतः कोणी नाव घेऊन ओळखत नाही. त्या आल्या नाहीत म्हणजेच त्यांची आठवण होते. म्हणूनच त्यांच्या वयाची चौकशी सभागृहात क्वचित होते.

पैशाविषयी बोलू. नगरसंस्था गाड्या सहसा आपल्या शिलकीतून थोड्या थोड्या घेत नाहीत. कोणती तरी योजना येते, तिच्या अनुदानाची मुदत ३१ मार्चला संपत असते, आणि एका झटक्यात एकाच जातीच्या वीस-पंचवीस गाड्या आवारात येऊन उभ्या राहतात. नारळ फुटतो, झेंडूच्या माळा चढतात, छायाचित्र निघते. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले, जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट शहरांच्या पहिल्या २० नावांत बेळगाव आले, वित्त आयोगाची अनुदाने येतच असतात. देशभर अशा योजनांनी खरेदीच्या लाटा उठविल्या. एकदम जन्मलेल्या गाड्या एकदमच म्हाताऱ्या होतात, आणि आता नव्या नियमाने त्या एकाच आठवड्यात कायद्याने मरणार आहेत, हे खरेदीच्या दिवशी कोणी बोलत नाही. दरवर्षी पागेचा दहावा हिस्सा बदलावयाचा, म्हणजे कोणत्याही दिवशी काही गाड्या कोऱ्या, काही मध्यम आणि थोड्याच थकलेल्या असतील, ही गोष्ट बैलजोड्या बाळगणाऱ्या आपल्या आजोबांना कोणी शिकवावी लागली नव्हती. दावणीतले सगळेच बैल एका वर्षी म्हातारे होऊ द्यायचे नाहीत हे त्यांना ठाऊक होते. २००४ च्या राष्ट्रीय नगरपालिका लेखा संहितेनंतर द्विनोंदी पद्धत आली आणि नगरसंस्थांच्या ताळेबंदात घसारा लिहिला जाऊ लागला, हे चांगलेच झाले. पण घसारा लिहिणे निराळे आणि घसाऱ्याइतकी रक्कम वेगळ्या खात्यात रोख बाजूला काढणे निराळे. पहिले कारकून करतो. दुसऱ्यासाठी सभागृहाचा ठराव लागतो, आणि पुढच्या सभागृहाने तो पैसा गटारावरच्या फरशीकडे वळवू नये असा निर्धार लागतो.

या अडचणीतून जी वाट बहुतेक शहरांनी काढली ती शिलेदारीची. गाडी ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, शहराने फक्त फेऱ्यांचे पैसे द्यावयाचे. मुंबईच्या बेस्टची कथा या दृष्टीने बोलकी आहे. १९३७ साली तेथे आलेली दुमजली बस पिढ्यान् पिढ्या त्या शहराच्या डोळ्यांत भरून राहिली, आणि १५ सप्टेंबर २०२३ रोजी जुन्या पद्धतीची शेवटची डिझेल दुमजली बस १५ वर्षांचे आयुष्य पुरे करून आगारात परतली, तेव्हा लोकांनी तिला हार घातले, तिच्याबरोबर छायाचित्रे काढली. तिच्या जागी त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेल्या विजेवरच्या दुमजली बसगाड्या मात्र बेस्टच्या मालकीच्या नसून भाडेकराराने घेतलेल्या आहेत. शिलेदार वाईट असतो असे नाही. मराठ्यांच्या फौजेत शूर शिलेदार पुष्कळ होऊन गेले. परंतु शिलेदाराला घोडा जपावा लागे, कारण तो त्याचे भांडवल होता, आणि म्हणूनच तो घोडा तो बेताने पुढे घाली. ठेकेदारही टिपर बेताने वापरतो: जी गल्ली अरुंद, जिथे वळण अवघड, जिथे चढ आहे, ती गल्ली राहून जाते, आणि तिथल्या पौरकार्मिक, म्हणजे सफाई कामगार, बाया डोक्यावरून बुट्ट्या वाहून मुख्य रस्त्यापर्यंत आणतात. माझे मत असे आहे, की शहराने शिलेदार जरूर ठेवावेत, पण पागेचा गाभा, म्हणजे सर्वांत अवघड गल्ल्यांच्या लहान गाड्या, गटार उपसणारी यंत्रे, पाण्याचे टँकर आणि शववाहिका, एवढे तरी बारगिरीचे, स्वतःच्या मालकीचे असावे. प्रेत दारात आहे आणि गाडी कोणाची यावर दूरध्वनीवरून वाद चालला आहे, असा प्रसंग मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे, आणि त्या घरातल्या वृद्ध स्त्रीचा चेहरा मला अद्याप विसरता आलेला नाही.

निपाणीसारख्या गावाचा प्रश्न याहून निराळा आहे. तेथे उतरंड रचण्याइतक्या गाड्याच नसतात. मोठ्या शहरात एक टिपर बंद पडला तर शेजारच्या प्रभागाचा येतो. लहान नगरसभेत ज्या ट्रॅक्टरने सकाळी कचरा ओढला त्यालाच दुपारी टँकर जोडला जातो, आणि तो बंद पडला की कचरा व पाणी दोन्ही थांबतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि पुण्या-बंगळूरचा रस्ता बंद झाला. अशा दिवसांत पलीकडून मदतीला गाडी येईल हा भरवसा राहत नाही. म्हणून लहान गावांना मी गाड्या बदलण्याविषयी सांगण्याआधी एक राखीव गाडी, डिझेल भरलेली आणि बॅटरी जिवंत असलेली, बाजूला ठेवण्याविषयी सांगेन. आणि शेजारच्या दोन-तीन नगरसभांनी मिळून एक गटार-यंत्र व एक चांगला मिस्त्री ठेवण्याविषयी.

बेळगावसाठी माझी मागणी अगदी साधी आहे. दरवर्षी अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी महापालिकेच्या प्रत्येक गाडीची यादी कचेरीच्या दर्शनी भिंतीवर लागावी: खरेदीचे साल, चाललेले तास, गेल्या वर्षी बंद राहिलेले दिवस, दुरुस्तीचा खर्च, सध्या कोणत्या कामावर, आणि पुढे कोणत्या कामावर. ती कन्नडबरोबर मराठीतही असावी, कारण टिपराची वाट पाहत दारात उभ्या राहणाऱ्या शहापूरच्या आणि वडगावच्या पुष्कळ बायका मराठी वाचणाऱ्या आहेत. बंद राहिलेल्या दिवसांचा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो. गाडीचे वय सांगता येते, किलोमीटर बदलता येतात, रंग चढविता येतो. पण गेल्या वर्षी अमुक टिपर ९० दिवस वेंगुर्ला रस्त्यावरच्या तुरमुरीच्या कचरा-प्रकल्पाकडे गेलाच नाही, असे भिंतीवर लिहिलेले असले की ते ९० दिवस कोणाच्या दारात साचले हे त्या प्रभागातील प्रत्येक माणसाला कळते. आणि नवी गाडी येईल तेव्हा ती प्रथम सर्वांत जड कामावर जावी, तिथली बरी असलेली गाडी हलक्या कामावर यावी, आणि अधिकाऱ्यांनी त्या हलक्या कामांच्या रांगेत आपला क्रम लावून घ्यावा. हा क्रम उलटा वाटत असेल. मला तो सरळ वाटतो.

त्या जीपगाडीच्या चौथ्या लॉगबुकाचे शेवटचे पान मी उतरवून घेतले होते, ते आजही माझ्यापाशी आहे. निर्लेखनाचा हुकूम झाल्यानंतरची ती नोंद आहे. 'बॅटरी काढली. टायर ४ व स्टेपनी भांडारात जमा. किल्ली जमा.' त्याखाली चालकाची सही. आणि सहीच्या खाली, कोणत्याही रकान्यात न बसणारी, पेन्सिलीने लिहिलेली आणखी एक ओळ: 'धूरफवारणी उद्यापासून हातगाडीवर.'